मिठाला पाणी का सुटतं : प्रकल्प नोंदी

१४ जून

सुरुवात एका साध्या खातरजमेने. ओलसर मिठातलं पाणी हवेतून येतं की मिठाच्या खड्यातूनच बाहेर पडतं, हे आधी वजनाने ठरवायचं. दमट हवेत ठेवलेलं मीठ पसरट भांड्यात मंद आचेवर तापवलं, झाकण लावून थंड होऊ दिलं आणि वजन केलं. मग तेच मीठ झाकण काढून दमट हवेत ठेवलं. काही तासांनी वजन पुन्हा वाढू लागलं. मिठात दुसरं काही पडलेलं नाही, म्हणजे आलं ते हवेतून.

तापवताना खडे मीठ तडतडलं, तेही नोंदवायला हवं. समुद्राच्या पाण्यापासून मीठ तयार होताना स्फटिकाच्या पोटात खाऱ्या पाण्याचे बारीक कप्पे अडकून राहतात. उष्णतेने त्यांची वाफ होते आणि खडा फुटतो. तेव्हा आत थोडं पाणी असतं हे खरं, पण ते कोंडलेलं असतं. बरणीतलं मीठ ओलं होतं ते या पाण्याने नाही.

१६ जून

'मीठ हवेतला ओलावा शोषतं' या वाक्यावर मला थांबायचं नाही. हवेत ओलावा नेहमीच असतो, मग मीठ वर्षातले कितीतरी दिवस कोरडं खडखडीत का राहतं? काहीतरी सीमा असली पाहिजे. ती शोधायची तर आर्द्रता आपल्या हातात हवी.

त्यासाठी जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. एखाद्या क्षाराचं संपृक्त द्रावण (ज्यात तो क्षार आणखी विरघळू शकत नाही असं) बंद बरणीच्या तळाशी ठेवलं की वरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते तिच्या किती टक्के आहे तो आकडा, एका ठरावीक जागी येऊन स्थिरावते. तळाशी न विरघळलेले स्फटिक दिसत राहिले पाहिजेत, एवढीच अट. २५ अंश सेल्सिअसला मॅग्नेशियम क्लोराइडवर ही आर्द्रता ३३ टक्के राहते, मॅग्नेशियम नायट्रेटवर ५३, पोटॅशियम क्लोराइडवर ८४. नुसत्या पाण्यावर १००. आणि आपल्या मिठावर, म्हणजे सोडियम क्लोराइडवर, ७५.

या शेवटच्या आकड्यात प्रकल्पाचं उत्तर दडलेलं आहे असा माझा कयास आहे.

१७ जून

बरण्या लावल्या. प्रत्येकीत तळाशी द्रावण, त्यावर छोटी तिवई, तिवईवर उथळ काचेची बशी आणि बशीत ५ ग्रॅम मीठ एकसारखं पसरलेलं. प्रत्येक आर्द्रतेसाठी दोन बरण्या: एकीत प्रयोगशाळेतलं शुद्ध सोडियम क्लोराइड, दुसरीत कुटलेलं खडे मीठ. झाकणाच्या कडेला व्हॅसलीन. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा आहे, या कामाला पुरेसा.

१८ जून

शुद्ध मिठाचा निकाल अगदी स्वच्छ आहे. ३३ आणि ५३ टक्क्यांत काट्यावर काहीच फरक नाही. ७५ च्या बरणीतही नाही. ८४ मध्ये मात्र मीठ चमकायला लागलंय, दाणे एकमेकांना चिकटलेत आणि वजन ०.३ ग्रॅमच्या आसपास वाढलंय. पाण्यावरच्या बरणीत बशीच्या कडेला खारं पाणी साचलंय.

म्हणजे आर्द्रता चढत गेली तसं मीठ थोडं थोडं ओलं होत गेलं, असं घडलेलं नाही. ७५ पर्यंत कोरडं, त्यापुढे ओलं. मध्ये एक पायरी आहे.

खडे मीठ मात्र ५३ टक्क्यांतच बोटाला दमट लागतंय. त्याच्याकडे नंतर वळेन.

१९ जून

पायरी ७५ वरच का?

मिठाच्या दाण्यावर पाण्याचा अतिशय पातळ थर कोरड्या हवेतही बसलेला असतो, काही रेणूंच्या जाडीचा. स्फटिकाच्या पृष्ठभागावर सोडियमचे धन आयन (विद्युतभार असलेले कण) आणि क्लोराइडचे ऋण आयन आलटून पालटून बसलेले असतात. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन असते. त्यामुळे रेणू येऊन चिकटतात. पण एवढ्याने मीठ ओलं होत नाही, कारण स्फटिकाची वीण घट्ट असते आणि आयन जागा सोडत नाहीत.

आता या थरात थोडं मीठ विरघळलं असं धरू. समोर विरघळायला भरपूर मीठ आहे, म्हणून हा थर लगेच संपृक्त होणार. संपृक्त मिठाच्या पाण्यातून पाण्याचे रेणू शुद्ध पाण्याइतक्या सहज उडून जात नाहीत. २५ अंशांना शुद्ध पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्याशी तोल साधणाऱ्या वाफेचा दाब, पाऱ्याच्या सुमारे २३.८ मिलिमीटर असतो, तर संपृक्त मीठपाण्याचा त्याच्या ७५ टक्के, म्हणजे १७.९ च्या जवळपास. हवेतल्या वाफेचा दाब याहून कमी असेल तर थरातून जाणारे रेणू येणाऱ्यांपेक्षा जास्त, आणि थर सुकतो. हवेतला दाब याहून जास्त असेल तर येणारे जास्त. थर वाढतो, वाढला की आणखी मीठ विरघळतं, विरघळलं की थर पुन्हा संपृक्त होतो आणि बाष्पदाब होता तिथेच राहतो. हे चक्र मिठाचा शेवटचा कण विरघळेपर्यंत थांबत नाही.

मिठाच्या द्रावणावर ठेवलेल्या मिठाला काहीच का झालं नाही, हेही यातून कळतं. दोन्हीकडे दाब सारखाच होता, देवाणघेवाण तोलात होती.

२२ जून

वरचं विवेचन बरोबर असेल तर त्यातून एक भाकीत निघतं. बशीत न विरघळलेलं मीठ शिल्लक आहे तोवर थर संपृक्तच राहणार, त्याचा दाब बदलणार नाही, म्हणून पाणी येण्याचा वेगही बदलायला नको. आणि हा वेग बरणीतली आर्द्रता व ७५ यांच्यातल्या फरकावर अवलंबून असायला हवा. ८४ च्या बरणीत तो फरक ९ आहे, पाण्याच्या बरणीत २५. म्हणजे तिथे वेग पावणेतीन पट हवा.

रोजची वजनं आलेखावर मांडली. दोन्ही बशांच्या रेषा सरळ आल्या आहेत आणि दुसरीचा चढ पहिलीच्या अडीच ते तीन पटींत बसतो. फार समाधान वाटलं. कागदावरचा विचार काट्यावर असा उतरतो तेव्हा मेहनतीचं चीज होतं.

थोडा हिशेब पुढे नेतो. ५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळायला सुमारे १४ ग्रॅम पाणी लागतं, कारण २५ अंशांना १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मीठ मावतं. दिवसाला ०.३ ग्रॅम या वेगाने ८४ टक्क्यांत त्याला दीड महिना लागेल. बरणीतल्या स्थिर हवेतून वाफेचे रेणू वाट काढत पोहोचतात, म्हणून एवढा उशीर. वारा खेळता असेल तर हेच काम कितीतरी लवकर उरकतं. उघड्या भांड्यातलं मीठ आणि झाकणाच्या भांड्यातलं मीठ यांत पडणारा फरक मुख्यतः इथून येतो. एक लिटरच्या बंद डब्यातल्या हवेत, ती कितीही दमट असली तरी, २५ अंशांना २३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त वाफ नसतेच. डब्यातलं मीठ ओलं होतं ते झाकण पुन्हा पुन्हा उघडल्यामुळे किंवा नीट न बसल्यामुळे.

सगळं मीठ विरघळल्यावरही वजन वाढणं थांबत नाही, फक्त मंदावत जातं, कारण आता द्रावण पातळ होतं आणि त्याचा बाष्पदाब चढतो. हवेशी बरोबरी झाली की मग थांबतं. ९० टक्के आर्द्रतेत १० ग्रॅम मिठाची ही बरोबरी ६० ग्रॅमच्या आसपास पाणी ओढल्यावर होते. मिठाच्या सहापट पाणी, नुसत्या हवेतून!

२४ जून

आज भिंगाखाली एकच दाणा. शुद्ध मिठाचा, कडा धारदार असलेला छान घन. काचपट्टीवर ठेवून वर पारदर्शक टोपण आणि टोपणाच्या आत ओला टिपकागद.

आधी कोपरे गेले. आठही कोपरे बोथट झाले, मग कडांची धार उतरली, पण सपाट बाजू अजून तशाच होत्या. मग बाजूंवर तेलकट चमक आली. पुढे दाण्याच्या बुडाशी पाण्याची कड दिसू लागली, ती फुगत वर आली आणि अखेर गोल थेंबाच्या मधोमध एक झिजलेला चौकोन उरला. तो लहान होत होत दिसेनासा झाला. कोपऱ्यावरच्या आयनांना शेजारी कमी असतात, म्हणून ते आधी सुटतात.

ओला कागद काढून घेतला. थेंब आटू लागला आणि कडेला इवले इवले चौकोन उगवले. थेंब काचेला टेकलेला असतो, धूळ असते, म्हणून स्फटिकाला धरून वाढायला आधार मिळतो. असा आधार नसेल तर गंमत होते. लाटांच्या फेसातून उडालेले मिठाच्या पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगत असतात. कोरडा कण ७५ टक्क्यांवर थेंब बनतो, पण परत येताना ७५ च्या खाली गेला तरी थेंबच राहतो. सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत आर्द्रता उतरल्यावर त्यात स्फटिक धरतो. जाण्याची वाट आणि येण्याची वाट वेगळी. समुद्रावरच्या ढगांचे कितीतरी थेंब अशा कणांभोवती धरतात, म्हणून हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांनाही हे आकडे तोंडपाठ असतात.

२७ जून

कालपासून एका प्रश्नात गुंतलो आहे. मिठाचा आकडा ७५, पोटॅशियम क्लोराइडचा ८४, मॅग्नेशियम क्लोराइडचा ३३. एवढी तफावत कशामुळे?

फ्रान्स्वा-मारी राउल्ट या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात मांडलेला नियम घेऊन बसलो. त्याचं म्हणणं असं की द्रावणाचा बाष्पदाब त्यातल्या पाण्याच्या वाट्याइतका असतो. शंभर कणांतले ८० पाण्याचे असतील तर दाब शुद्ध पाण्याच्या ८० टक्के. एक किलो पाण्यात ५५.५ मोल रेणू असतात (मोल हे डझनासारखं कण मोजायचं एकक), हा आकडा धरून हिशेब केला.

पोटॅशियम क्लोराइड: संपृक्त द्रावणात एक किलो पाण्यामागे सुमारे ४.८ मोल. प्रत्येकाचे दोन आयन, म्हणजे ९.६. पाण्याचा वाटा ८५ टक्के. प्रत्यक्षात ८४. जवळजवळ तंतोतंत.

सोडियम क्लोराइड: ६.१५ मोल, आयन १२.३. पाण्याचा वाटा ८२ टक्के. प्रत्यक्षात ७५. सात टक्क्यांची तूट.

मॅग्नेशियम क्लोराइड: सुमारे ५.८ मोल, प्रत्येकाचे तीन आयन, म्हणजे १७.४. पाण्याचा वाटा ७६ टक्के. प्रत्यक्षात ३३!

हा शेवटचा आकडा पाहून पुन्हा सगळं तपासलं. हिशेब बरोबर आहे. फरक येतो तो आयन पाण्याला किती घट्ट धरतात त्यातून. राउल्टचा नियम कणांची फक्त संख्या मोजतो, त्यांची पकड मोजत नाही. पोटॅशियमचा आयन आकाराने मोठा, त्यामुळे त्याचा भार पसरट आणि पकड सैल. सोडियमचा त्याहून लहान, पकड थोडी घट्ट. मॅग्नेशियमचा सगळ्यात लहान, शिवाय भार दुप्पट. त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू घट्ट बसतात आणि त्यांच्या मागे आणखी एक फळी बांधलेली राहते. एक मोल सोडियम आयन पाण्यात गेल्यावर सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते, मॅग्नेशियमच्या बाबतीत सुमारे १९००. इतक्या घट्ट धरलेल्या पाण्यातून हवेत उडायला मोकळे रेणू थोडेच उरतात. म्हणून बाष्पदाब इतका खाली, आणि म्हणून ३३ टक्क्यांहून थोड्याच जास्त आर्द्रतेची, आपल्याला कोरडी वाटणारी हवासुद्धा मॅग्नेशियम क्लोराइडला ओली करते.

तेव्हा दोन गोष्टी पाहायच्या: क्षार किती विरघळतो आणि विरघळल्यावर पाण्याला किती धरून ठेवतो. मीठ या दोन्हींत मध्यम आहे.

२८ जून

आता खडे मीठ. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइडच्या जोडीला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सल्फेटही असतात. पाणी आटत जातं तसं मीठ आधी स्फटिक होऊन बसतं आणि मॅग्नेशियम बराच काळ उरलेल्या कडवट पाण्यात राहतं. ते पाणी पूर्ण निथळलं नाही तर त्याची पुटं दाण्यांवर वाळतात आणि कप्प्यांतही अडकतात.

हे खरंच कारण आहे का, ते थेट बघायचं ठरवलं. ५ ग्रॅम शुद्ध मिठात ०.१ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड (सहा पाणी असलेले स्फटिक) खलून ५३ टक्क्यांच्या बरणीत ठेवलं. शेजारी नुसतं शुद्ध मीठ.

१ जुलै

नुसतं मीठ जसंच्या तसं. भेसळीचं मीठ मात्र ओलसर, बशी तिरकी केली तर दाणे घसरत नाहीत, ढेकळासारखे एकत्र सरकतात. वजनातली वाढ पन्नास-साठ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण वजनाच्या जेमतेम एक टक्का. एवढं पाणी पुरतं, कारण ते दाण्यांच्या पृष्ठभागावर पसरतं. पाणी ओढतं मॅग्नेशियम क्लोराइड, आणि नाव मात्र मिठाचं होतं.

इथे वजन वाढून थांबतं हे महत्त्वाचं. मॅग्नेशियमने आपल्या वाट्याचं पाणी ओढलं की हवेशी बरोबरी होते. तेव्हा नेहमीच्या मिठाच्या ओलाव्याचे दोन वेगळे प्रकार मानायला हवेत. ७५ च्या खालचा दमटपणा अशुद्धीचा असतो, तो मर्यादित राहतो. ७५ च्या वरचा ओलावा खुद्द सोडियम क्लोराइडचा, आणि तो मिठाचं पाणी करूनच थांबतो. बहुतेक ठिकाणी ही दोन कारणं एकाच वाक्यात कोंबलेली दिसतात. ती सुटी करून दाखवता आली, हा माझ्या मते या प्रकल्पाचा मुख्य लाभ आहे.

३ जुलै

तापमानाची नोंद थोडक्यात. मिठाची सीमा ० ते ४० अंशांत जेमतेम एका टक्क्याने हलते. मॅग्नेशियम नायट्रेटची १० अंशांना ५७ असते ती ४० अंशांना ४८ वर येते. मीठ थंड पाण्यात आणि उकळत्या पाण्यात जवळजवळ सारखंच विरघळतं (१०० ग्रॅम पाण्यात ३६ आणि ३९ ग्रॅम), हे त्यामागचं कारण. आर्द्रतामापक तपासायला मिठाचं द्रावण वापरतात तेही याच स्थिरपणामुळे.

मीठ रात्री ओलं होतं त्यात मात्र तापमानाचा हात असतो, हवेच्या बाजूने. ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे १८ ग्रॅम वाफ असते. तीच हवा २५ अंशांवर उतरली तर तेवढ्याच वाफेने आर्द्रता ७९ टक्के होते. बाहेरून थेंबभर पाणी न येता सीमा ओलांडली गेली!

५ जुलै

गुठळ्यांचा मुद्दा. ओलं मीठ गुठळी धरत नाही, नुसतं ओलं राहतं. गुठळी होते ती नंतर सुकताना. दोन दाण्यांच्या बेचक्यात खारं पाणी साठतं, कारण अरुंद फटीत पाणी टिकून राहतं. ते आटलं की तिथे नवीन मीठ स्फटिक होऊन दोन्ही दाण्यांना जोडतं. रात्री ओलं, दुपारी कोरडं असं होत राहिलं की हा सांधा जाड होत जातो. ८४ आणि ३३ च्या बरण्यांत आलटून पालटून ठेवलेल्या बशीतलं मीठ आता चमच्याच्या टोकाने फोडावं लागतं. कायम ८४ मध्ये असलेलं मात्र सहज ढवळता येतं.

मीठ मोकळं राहावं म्हणून घालतात ते पदार्थही दोन वेगळ्या वाटांनी काम करतात. मॅग्नेशियम कार्बोनेट, कॅल्शियम सिलिकेट किंवा सिलिका यांची बारीक पूड दाण्यांवर बसते, त्यांना एकमेकांपासून अलग ठेवते आणि थोडा ओलावा स्वतः सामावून घेते. सोडियम फेरोसायनाइड किलोमागे काही मिलिग्रॅम एवढंच असतं, तेवढ्याने ओलावा अडणं शक्यच नाही. त्याचा आयन मिठाच्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर नेमका बसतो आणि वाढ बिघडवतो. मग सुकताना भरीव सांध्याऐवजी फांद्याफांद्यांचा ठिसूळ सांधा तयार होतो आणि डबा हलवला तरी मोडतो. नाव ऐकून भीती वाटते, पण त्यातलं सायनाइड लोहाला घट्ट बांधलेलं असतं आणि परवानगी असलेल्या प्रमाणात ते सुरक्षित मानलं जातं.

९ जुलै

शेवटची चाचणी. मॅग्नेशियमच दोषी असेल तर मीठ वाळवून उपयोग नाही, धुवायला हवं. साध्या पाण्याने धुतलं तर मीठच वाहून जाईल. म्हणून शुद्ध मिठाच्या संपृक्त द्रावणाने धुतलं. त्यात आणखी सोडियम क्लोराइड मावत नाही, पण मॅग्नेशियम क्लोराइड मावतं. मीठ तयार करणारे कारखानेही मीठ असंच धुतात.

खडे मिठाचे दोन भाग केले. एक नुसता तापवून कोरडा केला, दुसरा कुटून, द्रावणात ढवळून, गाळून मग तापवला. दोन्ही ५३ टक्क्यांच्या बरणीत ठेवले. तापवलेला भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दमट. धुतलेल्या भागाची वाढ पहिल्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी, आणि दाणे सुटे. उरलेली वाढ न फुटलेल्या कप्प्यांतल्या कडवट पाण्याची असावी, म्हणून तोच नमुना आणखी बारीक कुटून, पुन्हा धुऊन बरणीत ठेवला आहे. वजन परवा घेईन.